पाच कुंड्या आणि कुजबुजे

रंगमंचावर मी अडतीस वर्षं उभा राहिलो. कोणी मला पाहिलं असेल तर बहुतेक राजाच्या वेषात पाहिलं असेल, कारण माझ्या उंचीला आणि आवाजाला दुसरं काही शोभत नाही, असं कंपनीच्या मालकांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून मला सगळे राजे म्हणतात, दूधवालासुद्धा. पण लिहायचं आहे ते माझ्याबद्दल नाही. आमची झाडून सगळी नाटकं तुम्ही पहिल्या रांगेत बसून पाहिली असतील, तरी ज्यांना पाहिलेलं नसणार, त्यांच्याबद्दल आहे.

ते विंगेत बसायचे. पडद्याच्या दोरीजवळ एक खोका, मांडीवर नाटकाची वही, वहीवर काळ्या कागदानं तीन बाजूंनी झाकलेला छोटा दिवा. प्रॉम्प्टर. नटाला वाक्य आठवलं नाही की ते तिथून पुरवायचं, एवढंच काम. कंपनीत त्यांना खऱ्या नावानं कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सगळे कुजबुजे म्हणायचे. ते इतकं आडनावासारखं बसलं होतं की पोस्टमनही दारात येऊन “कुजबुजे आहेत का?” असं विचारायचा, आणि ते निमूटपणे सही करायचे.

वाक्य पुरवणं सोपं नसतं. नवखा प्रॉम्प्टर अख्खं वाक्य सांगतो आणि ते तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातं. कुजबुजे दोनच शब्द द्यायचे, तेही श्वास सोडल्यासारखे. बाकीचं आपोआप तोंडात यायचं आणि नटाला वाटायचं, आपल्यालाच आठवलं. त्यांची खरी करामत वेगळीच होती. नट कधी कधी घसरतो. पहिल्या अंकातलं एक वाक्य तिसऱ्या अंकातल्या वाक्यासारखं असतं, आणि बोलता बोलता तो चक्क तीस पानं ओलांडून पुढे जातो. दुसरा प्रॉम्प्टर अशा वेळी त्याला मागे ओढायला बघतो आणि सगळा विचका होतो. कुजबुजे ओढायचे नाहीत. ते वहीची पानं बोटाला थुंकी न लावता, आवाज न करता उलटायचे, नट जिथे जाऊन पडला असेल तिथे पोचायचे आणि तिथलं पुढचं वाक्य द्यायचे. खेळ सुरू राहायचा. प्रेक्षकांना मधली तीस पानं गेली हे कळायचंही नाही. एकतीस वर्षं त्या माणसानं मला असं सांभाळलं.

दौऱ्यावर ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या सीटमागे त्यांचा रंगाचा एक रिकामा डबा असायचा. त्यात मिरचीचं झाड. मुक्काम आला की आधी डबा उतरायचा, मग सामान, मग कुजबुजे. झाड म्हातारं झालं की त्याच्याच बियांचं दुसरं यायचं. घरी त्यांची बायको होती, एक मुलगी होती. वर्षातून दोन महिने ते तिकडे असायचे. पुढे ती मुलगी मोठी झाल्यावर मला एकदा म्हणाली होती, “राजेकाका, बाबांनी आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. फक्त त्या डब्यातल्या झाडाचं नशीब मला मिळालं नाही.” हसत म्हणाली होती. मीही हसलो होतो.

कंपनी बंद पडली. त्यांची बायको त्याआधीच गेली होती. कुजबुजे एका नर्सरीत कामाला लागले. नऊ वर्षं तिथे उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसून ते लोकांच्या आजारी कुंड्या तपासत. मी पाय मोकळे करायला जायचो तेव्हा बाजूच्या दगडावर बसून ऐकायचो. कोणी बाई पिशवीत पान घेऊन आलेल्या असायच्या.

“अहो, ह्याला काय झालंय ते बघा. चार दिवसांत असं गुंडाळलंय.”

“पालथं करा बरं,” कुजबुजे म्हणायचे. “आता उन्हाकडे धरा. शिरेजवळ काहीतरी...”

“थांबा, चष्मा लावते. अगंबाई, हलतंय की. बारीक बारीक किडे आहेत.”

“मग साबणाचं पाणी...”

“मारते ना. पानाच्या खालून मारते. वरून मारून काय उपयोग, किडे तर खाली बसलेत.”

बाई खूश होऊन जायच्या. आपणच रोग ओळखला, आपणच औषध शोधलं. नर्सरीचा मालक म्हणायचा, “ह्यांच्याइतकं गिऱ्हाईक कोणी खूश करत नाही, आणि दिवसभरात पंचवीस शब्द बोलत नाहीत.”

मला मात्र ते सविस्तर सांगायचे. पानं कडेनं वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे. खाली वळून पालथ्या चमच्यासारखी झाली, देठ लांबला, तर कोळीकीड. डोळ्यांना दिसत नाही, भिंग लागतं. नुसतीच सुरळी झाली आणि दुपार टळल्यावर उलगडली, तर उन्हाचा तडाखा किंवा पाणी कमी. आणि शेंड्याची पानं वर वळून, चुरगळून, मुठीसारखी झाली, शिरा पिवळ्या दिसायला लागल्या, झाड वाढायचं थांबून झुडपासारखं दाटलं, तर चुरडामुरडा. तो पांढरी माशी आणते.

“त्याला काय मारायचं?” मी विचारलं होतं.

“काही नाही. उपटायचं. जागेवरच पिशवीत घालून तोंड बांधायचं. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या झाडाचं झालेलं असतं.”

एवढं लांब ते माझ्याशी बोलायचे, कारण मी झाड घेऊन आलेलो नसायचो.

आता त्यांच्या लेकीचं सांगतो. ती एका कारखान्यात खोकी भरायच्या हॉलमध्ये चौदा वर्षं काम करत होती. पट्ट्यावरून वस्तू येतात, त्या खोक्यात बसवायच्या, चिकटपट्टी मारायची, ढकलायचं. पाळीत आठ तास उभं राहायचं. पट्टा थांबला तरच बसायचं, आणि पट्टा थांबत नाही. मनगटाला पट्टी बांधून ती भांडी घासायची. मग तिनं सहा महिन्यांची बिनपगारी रजा काढली. इमारतीची गच्ची वापरायची परवानगी मिळवली आणि तिथे दोनशे चाळीस कुंड्या मांडल्या. ढोबळी मिरची, लांब मिरची आणि एक जांभळी जात, जी दिसायलाच घेतात. फळं लागलेली कुंडीच्या कुंडी आठवडी बाजारात द्यायची, असा बेत. एका हंगामात हे उभं राहिलं तर हॉलला कायमचा रामराम, नाहीतर रजा संपली की पुन्हा पट्ट्यावर. बाजारात जागा देणाऱ्या माणसानंही तसंच सांगितलं होतं: या हंगामात माल आला तर जागा तुमची, नाहीतर रांगेत बरेच आहेत.

ती नर्सरीत गेली आणि वडिलांना म्हणाली, “बाबा, घरी चला. झाडं तुम्ही बघायची. मला त्यातलं काही येत नाही.”

कुजबुज्यांनी मला ते तीन वेळा सांगितलं. त्या नऊ वर्षांत ती त्यांना “या कधीतरी” म्हणाली होती, “चला” कधी म्हणाली नव्हती. एक बॅग आणि एक भिंग घेऊन ते गेले. मागच्या खोलीत त्यांची कॉट टाकली होती, खिडकीशी. ते रोज उजाडताना गच्चीवर जात आणि एकेका रांगेतल्या झाडांची पानं उलटून बघत.

तिसऱ्या महिन्यात मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. गच्चीवरच बसलो. कुंड्यांच्या रांगा अशा मापात लावलेल्या की मला सैन्याची पाहणी केल्यासारखं वाटलं. जावई पंप दुरुस्त करणारा माणूस, हाताचा हुशार; सगळीकडे नळ्या टाकून प्रत्येक कुंडीत थेंब थेंब पाणी पडेल अशी सोय त्यानं केली होती. शेजारच्या दोन गच्च्या ह्या गच्चीच्या कठड्याला लागून होत्या आणि तिकडे कोणी कोणी टोमॅटो लावलेले दिसत होते.

लेक त्या कठड्याकडून एक कुंडी उचलून घेऊन आली आणि आमच्या मधल्या स्टुलावर ठेवली.

“बाबा, हे बघा ना. अशा पाच झाल्यात. सगळ्या त्या कडेच्या.”

कुजबुजे वाकले. भिंग काढलं नाही. काढायची गरज नव्हती. शेंड्याची पानं मुठीसारखी आवळली होती. मीसुद्धा नर्सरीत बसून एवढं शिकलो होतो.

जावई नळ्या आवळायचा पाना हातात घेऊन उभा होता. “पाणी कमी पडतंय,” तो म्हणाला. “त्या कडेला नळीचं शेवटचं टोक आहे, दाब पोचत नाही. वरून ऊन. पान सुरळी होणारच.”

कुजबुजे लेकीला म्हणाले, “पालथं कर बरं. शेंड्याची शीर बघ. शीर कशी...”

“ताणलीय,” ती म्हणाली. “हो, ताणलीय. कोरडी पडल्यासारखी. पाणीच असणार.” तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. पाणी म्हणजे काय, नळी बदलली की झालं.

मग मला तो आवाज ऐकू आला. आवाज म्हणजे काय, आवाज नव्हताच. एकतीस वर्षं ज्यानं तो ऐकलाय त्यालाच कळेल. त्यांनी नाकानं एक बारीक श्वास घेतला, आणि मला कळलं की ह्यांनी पानं उलटली. लेक जिथे जाऊन पडली होती तिथे ते पोचले आणि तिथलं पुढचं वाक्य त्यांनी दिलं.

“पाणी वाढवायचं तर तळाची भोकं...”

“मोकळी आहेत का ते बघते,” ती म्हणाली. “नाहीतर मुळं कुजतील. बघितलंत ना,” ती नवऱ्याला म्हणाली, “बाबांना विचारलं की कसं पटकन सुटतं.”

“मीच सांगितलं पाणी म्हणून,” जावई म्हणाला.

“तुम्ही नळीचं सांगितलंत. भोकांचं बाबांनी सांगितलं.”

सगळे हसले. मी चहा संपवला. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी कौतुक वाटलं होतं. काय सफाई, काय हात, इतक्या वर्षांनी तसाच. मी घरी आलो आणि बायकोला हे रंगवून सांगितलं. ती म्हणाली, “मग त्या झाडांना झालं काय होतं?” मी म्हणालो, “चुरडामुरडा असावा.” ती म्हणाली, “मग हसत काय बसलात?” मी विषय बदलला.

पुढचं मला कुजबुज्यांनी स्वतः सांगितलं, पण फार नंतर. बोलायचं राहून गेलं, म्हणून ते विंगेतून खेळ सावरायला लागले. उजाडताना गच्चीवर जाऊन त्या कडेच्या कुंड्यांची पानं साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं खालून पुसायची. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या चिकट पट्ट्या कापून कुंड्यांच्या मागे, कठड्याच्या बाजूनं, कोणाला दिसणार नाहीत अशा लावायच्या. दोन झाडं त्यांनी गुपचूप उपटली आणि पिशवीत घालून खाली कचऱ्यात नेली. लेकीनं कुंड्या मोजल्या तर दोन रिकाम्या.

“मांजर असणार,” जावई म्हणाला. “माती उकरून ठेवलीय.”

“मांजर...” कुजबुजे म्हणाले, आणि कठड्याकडे बघितलं.

“तिकडून उडी मारत असेल,” लेक म्हणाली. तिनं त्या कडेला तारेची जाळी बांधली. मांजराला अडेल अशी, बोटभर भोकांची. माशी तिच्यातून बिनधास्त ये-जा करत होती.

तिसरं झाड उपटायचं धाडस त्यांना झालं नाही, कारण आता मांजराला यायला वाट राहिली नव्हती. तोवर पाचाची बारा झाली होती. बाराची चाळीस झाली. जावयानं नळ्या बदलल्या, दाब वाढवला. लेकीनं खत बदललं. दरवेळी ती विचारायची, दरवेळी ते दोन शब्द द्यायचे, दरवेळी ती तिला हवं ते वाक्य पुरं करायची, आणि ते तिथून पुढचं द्यायचे. पाचव्या आठवड्यात गच्चीवर एकही पान सरळ राहिलं नाही. फळं धरली होती ती सुपारीएवढी होऊन वाकडीतिकडी थांबली.

तेव्हा ती चार पानं घेऊन दुसऱ्या नर्सरीत गेली. तिथल्या बाई रोपांचं शिक्षण घेतलेल्या होत्या. त्यांनी पानाला हातही लावला नाही. “पिशवी बंदच ठेवा,” म्हणाल्या. “सुरुवात किती झाडांपासून झाली?”

“पाच.”

“त्याच दिवशी उपटली असती तर तुमचं वाचलं असतं. हे पहिल्या दिवशी ओळखू येतं. कोणी जाणकार नव्हतं का घरी?”

ती मला फोन करून म्हणाली, “राजेकाका, जरा या. तुमच्यासमोर विचारायचंय.” मी गेलो. गच्चीवर तीच खुर्ची मला दिली. कुजबुजे स्टुलावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

“बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?”

“होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. तू कुंडी आणलीस तेव्हा.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू पाणी म्हणालीस,” ते म्हणाले.

“मी म्हणाले म्हणून? मी चौदा वर्षं खोकी भरलीत, बाबा. मला काय कळतं मिरचीतलं? मी चुकतेय हे दिसत होतं ना तुम्हाला?”

“दिसत होतं.”

“मग चूक म्हणायचं. एक शब्द. चू-क. ह्याला काय वाक्य लागतं?”

जावई जिन्याच्या दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “अगं, जाऊ दे.”

“जाऊ दे काय? गेलंच सगळं.” ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही आयुष्य काढलंत ह्यांच्याबरोबर. हे असेच होते का?”

इथे मला गप्प बसता आलं असतं. पण मी ज्या कारणासाठी हे लिहायला बसलोय ते कारण तिथेच आहे, म्हणून तिला सांगितलं तेच इथे सांगतो.

कुजबुजे असे नव्हते. कंपनीत आले तेव्हा ते चोवीस-पंचवीसचे, चुणचुणीत आणि स्पष्ट. दुसऱ्याच वर्षी भरल्या थिएटरात मी पहिल्या अंकातून उडी मारली ती तिसऱ्या अंकात. विंगेतून स्पष्ट आवाज आला, “राजे, चुकलात. मागे या.” पहिल्या दोन रांगा हसल्या. अंक संपल्यावर मी मेकअपच्या खोलीत सगळी कंपनी गोळा केली. डोक्यावर मुकुट, अंगावर अंगरखा तसाच होता. मी त्याला समोर उभं केलं आणि म्हणालो, “म्हण, नट चुकत नाही.” त्यानं म्हटलं. “मोठ्यानं म्हण.” त्यानं म्हटलं. मी दहा वेळा म्हणायला लावलं. शेवटच्या चार वेळा त्याच्या घशातून आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते, आणि मी म्हणालो, “हं, आता जमलं. इतक्याच आवाजात बोलायचं.” खोलीतले सगळे हसले. माझा विनोद आवडला होता त्यांना. पुढची एकोणतीस वर्षं मी त्याच्या त्या आवाजाचं चारचौघांत कौतुक करत फिरलो.

माझं सांगून झालं तेव्हा कुजबुजे म्हणाले, “राजे, ते जुनं झालं. तुमचं वय तरी काय होतं.” त्या प्रसंगातही त्यांनी मला पुढचं वाक्य दिलं.

लेक मात्र माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “काका, तुमचं नाटक बिघडलं तर लोक हसून घरी जायचे. आम्ही घरातच असतो.” मग वडिलांना म्हणाली, “आणि तुम्ही. आई आजारी होती तेव्हा डॉक्टर तुमच्याशी बोलले होते ना? ती म्हणायची बरं वाटतंय, आणि तुम्ही म्हणायचात, बरं वाटतंय तर थोडं फिरून ये. मी तेव्हा समजत होते, तुम्हाला माहीत नव्हतं.”

मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

दोनशे अडतीस झाडं तिनं आणि जावयानं दोन दिवसांत उपटली, पिशव्यांत बांधली. रजेचे अडीच महिने उरले होते. जावई धावपळ करून शंभर रोपं घेऊन आला. चांगली, सरळ पानांची, हातभर उंच. बाजाराच्या जागेला अजून वेळ होता, शंभर तर शंभर. रोपं गच्चीवर आली आणि कुजबुजे खालून वर आले. मी तिथे होतो, कारण त्या दिवसापासून मी रोजच जायला लागलो होतो, न बोलावता.

ते पायरीवरच उभे राहिले आणि म्हणाले, “लावू नका.”

“राजे, चुकलात” म्हणाले होते त्या रात्रीनंतर मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. खणखणीत होता. जावयाच्या हातातली कुंडी तशीच राहिली.

“माशी गेलेली नाही. त्या दोन गच्च्यांवर टोमॅटो आहेत, तिथे बसलीय. हे आज लावलं तर पंधरा दिवसांत ह्याला लागेल. आधी बारीक जाळीचा मांडव लागेल, चारी बाजूंनी, दार लावून. तो नाही झाला तर एकही रोप वर आणू नका.”

“मांडवाला किती दिवस?” जावयानं विचारलं.

“तीन आठवडे तरी. तोवर ही रोपं खाली खोलीत ठेवली तर उन्हावाचून लांबतील. ती परत द्या.”

तीन आठवडे म्हणजे हंगाम गेला. हे सगळ्यांना कळत होतं. लेक हातातली माती झटकत उभी राहिली.

“आता बोलता?” ती म्हणाली. “पाच होती तेव्हा तोंडात गुळणी धरली होतीत. आता मी काहीतरी उभं करतेय तर मोडता घालायला आवाज फुटला?”

“मोडता नाही. आहे ते सांगतोय.”

“मला कसं कळणार? पाणी म्हटलं तेव्हाही तुम्ही हो म्हणालात. आजचं खरं आणि तेव्हाचं खोटं, हे मी कशावरून ओळखायचं? त्या बाईंनाच विचारते.”

“विचार,” कुजबुजे म्हणाले. “त्याही हेच सांगतील.”

तिनं विचारलं नाही. विचारायला भीती वाटली असणार. मला वाटली असती. तिनं त्याच संध्याकाळी शंभर रोपं लावली. कुजबुजे खाली गेले नाहीत. शेवटपर्यंत ते कुंड्या हातात देत राहिले आणि प्रत्येक कुंडी देताना म्हणत राहिले, “ही लावू नकोस.” दहाव्या कुंडीला तिनं त्यांच्याकडे बघणं सोडलं. विसाव्या कुंडीला जावई म्हणाला, “बाबा, आता पुरे ना.” तरी ते म्हणत राहिले. मी पुढे होऊन त्यांचा दंड धरला तेव्हा त्यांनी माझा हात काढून टाकला.

बाराव्या दिवशी पहिलं पान वळलं. ते लेकीनंच बघितलं. तिनं ते झाड उपटून पिशवीत बांधलं. दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी वीस. मग तिनं मोजणं बंद केलं. बाजारातली जागा दुसऱ्याला गेली.

रजा संपली त्या सकाळी मी त्यांच्याकडे होतो. कारखान्याचा निळा कोट तिनं आदल्या दिवशी धुऊन इस्त्री केला होता. ती आरशासमोर बटणं लावत होती. कुजबुजे दाराशी बसून तिचा डबा पिशवीत घालत होते. तिनं आरशातूनच विचारलं. ती शंभर रोपं लावल्यापासून ती त्यांना पहिल्यांदाच काही विचारत होती.

“बाबा, पुढच्या हंगामात जमेल का?”

मी नट आहे. मी म्हणालो असतो, जमेल, का नाही जमणार, तुझे हात आहेत, आमचा अनुभव आहे. शब्द माझ्या तोंडाशी आलेही होते. जावयानंही माझ्याकडे आशेनं बघितलं. हे वाक्य कोणालाही सुचलं असतं, आणि तिला तेच हवं होतं.

“नाही,” कुजबुजे म्हणाले. “ह्या गच्चीवर नाही. शेजारी टोमॅटो काढणार नाहीत. मांडव घातला तरी आतली उष्णता झाडांना सोसणार नाही, फुलं गळतील. आणि तुझी कारखान्यातली पाळी सुरू झाली की सकाळी पानं बघायला तुला वेळ नसेल. माझे डोळे आणखी वर्षभर चालतील, फार तर.”

तिनं शेवटचं बटण लावलं. मनगटाला पट्टी गुंडाळली, दातांनी धरून गाठ मारली.

“बरं,” ती म्हणाली.

डबा घेताना तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. राग नव्हता, माया होती असंही मी म्हणणार नाही. “कोट कसा बसलाय?” तिनं विचारलं.

“खांद्यात घट्ट आहे. दिवसभर हात वर करताना काचेल.”

“दुसरा नाही.”

“माहीत आहे,” ते म्हणाले.

ती गेली. जावई तिच्या मागून गेला, स्कूटरवर सोडायला. कुजबुजे दाराशी तसेच बसून राहिले आणि थोड्या वेळानं मला म्हणाले, “राजे, खरं तेच सांगितलं मी. बरोबर केलं ना?”

मी म्हणालो, “बरोबर केलंत.”

त्यांनी मान हलवली. खाली रस्त्यावर स्कूटर दोनदा किक मारूनही सुरू झाली नाही. तिसऱ्या वेळी झाली.